सहकार्याची संहिता : भांडारकर संस्थेचे महाभारत आणि द्रौपदीचा धावा

विद्यापीठांच्या मूल्यांकन-अहवालांत अलीकडे ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ असे एक सदर असते. सामंजस्य करार किती झाले, परदेशी अभ्यासक किती आले, संयुक्त शोधनिबंध किती निघाले, याची नोंद त्याखाली होते. नोंदीला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र या सदरामागे सहकार्याची जी कल्पना गृहीत धरलेली असते, ती तपासून पाहण्याजोगी आहे. दोन देशांतील अभ्यासक एकत्र आले की त्यांच्या कामातून निघणारे ज्ञान एकजिनसी, सर्वसंमत आणि म्हणूनच अधिक प्रमाणभूत असते, असे तीत मानलेले असते. साहित्याच्या अभ्यासात हे गृहीतक विशेषच दिशाभूल करते. संहिता सिद्ध करणारा आणि संहितेचा अर्थ लावणारा यांच्यामध्ये येथे पक्की भिंत नसते. पाठ निवडणे हेही एक अर्थनिर्णयनच असते. तेव्हा अनेकांनी मिळून सिद्ध केलेल्या संहितेत अनेकांची अर्थनिर्णयने असणार, आणि ती एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मराठी अभ्यासकाला दूर जावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे विसाव्या शतकातील विद्याव्यवहाराचे एक मोठे सहकारी कार्य आहे. तिचा गौरव आपल्याकडे बहुधा राष्ट्रीय कार्य म्हणून होतो, आणि तो यथार्थही आहे. परंतु या गौरवात तिचे दुसरे अंग झाकले जाते. ही आवृत्ती एका फसलेल्या आंतरराष्ट्रीय योजनेतून जन्मली, एका जर्मन पद्धतीशी वाद घालत वाढली आणि तिचे एक पर्व एका अमेरिकन संपादकाने सिद्ध केले. मराठी समीक्षेने मात्र ती ‘संशोधित आवृत्ती’ या एकवचनी नावाने स्वीकारली आणि एका निकालपत्रासारखी वापरली.

आरंभ पुण्यात नव्हे, युरोपात झाला. १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मोरिझ विंटरनित्स यांनी महाभारताच्या दाक्षिणात्य हस्तलिखितांकडे लक्ष वेधले आणि संस्कृत महाकाव्यांच्या संहितांसाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापण्याची सूचना मांडली. पुढे युरोपातील अकादमींनी ही कल्पना उचलून धरली. १९०८ मध्ये हाइन्रिख ल्यूडर्स यांनी आदिपर्वाच्या आरंभीच्या काही श्लोकांचा नमुनाही छापून दाखविला. योजना नमुन्यापुढे फारशी सरकली नाही, आणि १९१४ च्या महायुद्धाने तिचा शेवट केला. ज्या अकादमी एका ग्रंथासाठी एकत्र येऊ पाहत होत्या, त्यांचे देश परस्परांविरुद्ध रणांगणात उभे राहिले. या योजनेत भारतीय पंडितांचे स्थान कोणते असणार होते, हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नाही. ज्या रीतीने ती आखली गेली होती ती पाहता, हस्तलिखिते पुरविणाऱ्यांचे आणि वाचून दाखविणाऱ्यांचे, एवढेच ते राहिले असते असे म्हणण्यास जागा आहे.

पुण्याने १९१९ मध्ये कामाचा प्रारंभ केला तेव्हा हा क्रम उलटला. कोणत्या पोथ्या घ्यायच्या, कोणत्या सोडायच्या आणि कोणत्या तत्त्वाने पाठ निवडायचा, हे ठरविण्याचा अधिकार आता येथे होता. १९२३ मध्ये नारायण बापूजी उटगीकर यांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती सिद्ध केली. ती देशोदेशींच्या विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविण्यात आली. परस्परांना मसुदा दाखविणे ही सहकार्याची सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित रीत येथे दिसते. १९२५ मध्ये प्रमुख संपादकत्व विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे आले. (मराठी विभागांतील विद्यार्थ्यांना सुखटणकर म्हटले की ‘सह्याद्रीच्या पायथ्याशी’ लिहिणारे कथाकार वि. स. सुखटणकर आठवतात. हे ते नव्हेत.) त्यांचे शिक्षण केंब्रिजला गणितात आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत भाषाशास्त्रात झाले होते. ज्या ल्यूडर्सनी युरोपीय योजनेचा नमुना छापला, त्यांच्याच शिष्याने पुण्याची योजना उभी केली, यात काव्यगत न्याय शोधण्याची गरज नाही. पण वारशाचा प्रश्न मात्र त्यातून उभा राहतो.

कार्ल लाखमान यांच्या नावाने ओळखली जाणारी जर्मन पाठचिकित्सा असे मानते, की उपलब्ध प्रतींतील समान चुकांच्या आधारे प्रतींचा वंशवृक्ष मांडता येतो आणि त्यावरून चढत जाऊन नष्ट झालेल्या मूलादर्शापर्यंत पोहोचता येते. एका लेखकाने एकदा लिहिलेल्या ग्रीक वा लॅटिन ग्रंथांसाठी ही पद्धत उपकारक होती. महाभारताच्या बाबतीत तिचा पायाच डळमळतो. येथे लेखनिक हा केवळ नकलनवीस नाही. तो ऐकलेले आठवतो, दुसऱ्या पोथीतील कथा आपल्या पोथीत घेतो, एखादा भाग आपल्या प्रदेशात प्रसिद्ध आहे म्हणून घालतो. शाखा एकमेकींत मिसळतात आणि वंशवृक्षाच्या फांद्या पुन्हा परस्परांना जोडल्या जातात. १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सुखटणकरांनी या वस्तुस्थितीला सरळ सामोरे जाऊन महाभारताचा प्रश्न आपल्या जातीचा एकटाच आहे, अशी भूमिका घेतली. व्यासांचे मूळ हस्ताक्षर शोधणे हे ध्येय त्यांनी ठेवलेच नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या पुराव्यावर जेवढे मागे जाता येईल तेवढ्या प्राचीन रूपापर्यंत जावे, पदरचा पाठ घालू नये, आणि शंका असेल तेथे ती छापील पानावर दिसू द्यावी, ही त्यांची मर्यादा आणि शिस्त होती. म्हणूनच या आवृत्तीत संदिग्ध पाठाखाली नागमोडी रेषा येते आणि वगळलेले उतारे चांदणी लावून तळाशी, अथवा मोठे असल्यास परिशिष्टात, छापले जातात. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची सर्वांना प्रिय असलेली कथा अशीच परिशिष्टात गेली. ती नाहीशी केलेली नाही. तिचे स्थान बदलले आहे.

येथे पद्धत पश्चिमेकडून आली आणि सामग्री पूर्वेची होती, असे म्हणून थांबणे सोपे आहे; सहकार्याची पुष्कळशी वर्णने तेथेच थांबतात. प्रत्यक्षात सामग्रीने पद्धतीला वाकविले, आणि हे वाकविणे पुण्यात झाले. म्हणजे सिद्धान्ताचे काम ‘तिकडे’ आणि तपशिलाचे काम ‘इकडे’ ही वाटणी या प्रकल्पाने मोडली.

तिला विरोध झाला तोही या दृष्टीने बोलका आहे. सिल्व्हँ लेव्ही हे भारताविषयी आस्था असणारे फ्रेंच पंडित. पहिले भाग पाहून त्यांनी १९२९ मध्ये आदरपूर्वक पण स्पष्ट शब्दांत सुचविले, की आदिम महाभारताचा शोध सोडून द्यावा आणि नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून त्याखाली इतर पोथ्यांचे पाठभेद द्यावेत. यात परंपरेने जो ग्रंथ महाभारत म्हणून वाचला, त्याचा मान राखण्याची दृष्टी होती. गंमत अशी, की आज स्वतःला परंपरानिष्ठ म्हणविणारे या आवृत्तीवर जो आक्षेप घेतात, तो एका पॅरिसच्या प्राध्यापकाने आधीच घेऊन ठेवला आहे. सुखटणकरांनी उत्तर दिले ते असे, की नीलकंठाचा पाठही एक निवडच आहे, सतराव्या शतकात काशीत एका विद्वानाने केलेली. तिला परंपरा म्हणायचे तर काश्मीरच्या शारदा पोथ्यांना आणि केरळच्या मल्याळम पोथ्यांना काय म्हणायचे? ‘प्रचलित’ म्हणजे कोठे प्रचलित, हा प्रतिप्रश्न त्यात अनुस्यूत होता. पुढे नेपाळमधून आदिपर्वाची एक जुनी पोथी हाती आली आणि तिने सुखटणकरांच्या पुष्कळशा निर्णयांना बळ दिले, हे खरे. पण लेव्ही यांचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. संहितेचे प्राचीनत्व मोठे की तिचे जगलेले आयुष्य, हा तो प्रश्न आहे आणि तो पोथीने सुटणारा नाही.

या वादांत ज्यांची नावे येत नाहीत त्यांच्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. एकट्या आदिपर्वासाठी साठाच्या आसपास हस्तलिखिते तपासली गेली. ती शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांत होती. बंगाली पोथ्यांचे पाठ शांतिनिकेतनात विश्वभारतीत जुळविले गेले, दाक्षिणात्य पोथ्यांचे तंजावरच्या सरस्वती महालात, बाकीचे पुण्यात. श्लोकागणिक आखलेल्या तक्त्यांवर अक्षरन् अक्षर उतरवून घेणारे हे शास्त्री नसते, तर बर्लिनची पद्धत आणि पुण्याची प्रतिज्ञा ही दोन्ही कागदावरच राहिली असती. त्यांची नावे निवेदनांत येतात, मुखपृष्ठावर येत नाहीत. ग्रंथाच्या कर्तृत्वाची चर्चा करताना आधुनिक समीक्षा ‘लेखकाचा मृत्यू’ मोठ्या तत्परतेने जाहीर करते. वाचकाच्या जन्माविषयीही ती बोलते. पाठ जुळविणारा मात्र तिच्या परिभाषेत जन्मतही नाही आणि मरतही नाही.

ऋणनिर्देशाचे पान हे असे सहकार्याच्या उतरंडीचे सर्वांत प्रामाणिक दर्शन असते. ते निरुपद्रवी असते असेही नाही. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाच्या २००३ मधील शिवाजीविषयक पुस्तकात भांडारकर संस्थेचा आणि पुण्यातील काही विद्वानांचा ऋणनिर्देश होता. पुस्तकातील मजकुराशी या मंडळींचा लेखक म्हणून संबंध नव्हता. प्रकाशकाने ते पुस्तक भारतात मागे घेतलेलेही होते. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने संस्थेवर हल्ला करून ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस केली. पुस्तकाची बरीवाईट चर्चा हा स्वतंत्र विषय आहे. येथे नोंदवायचे ते एवढेच, की सहकार्यातील श्रेय आणि सहकार्यातील जोखीम यांची वाटणी एकाच प्रमाणात होत नाही. श्रेय शीर्षकपृष्ठाकडे जाते. जोखीम ज्याचा पत्ता जवळचा असतो त्याच्याकडे येते.

आता या आवृत्तीच्या त्या भागाकडे वळता येईल, जेथे सहकार्याचा सांधा उघडा पडतो. पर्वांचे संपादन वेगवेगळ्या विद्वानांकडे सोपविलेले होते. विराटपर्व लाहोरच्या रघु वीर यांनी सिद्ध केले, उद्योगपर्व ढाका विद्यापीठाचे सुशीलकुमार दे यांनी, आरण्यकपर्व स्वतः सुखटणकरांनी, आणि सभापर्व येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी. (त्या काळी लाहोर आणि ढाका ही परदेशी ठिकाणे नव्हती, आजच्या अहवालात ती ‘आंतरराष्ट्रीय’ या रकान्यात पडली असती.) एजर्टन यांचे सभापर्व १९४४ मध्ये पूर्ण झाले. महायुद्ध चालू होते. सुखटणकर १९४३ च्या जानेवारीत निवर्तले होते आणि प्रमुख संपादकपदी श्री. कृ. बेलवलकर आले होते.

सभापर्वातील सर्वांत नाजूक स्थळ म्हणजे द्रौपदीचे वस्त्रहरण. भारतातील बहुतेकांच्या मनातील प्रसंग असा : द्रौपदी हात वर करून कृष्णाचा धावा करते, कृष्ण द्वारकेहून धावून येतो, वस्त्रे पुरवतो. मुक्तेश्वर, मोरोपंत आणि त्यांच्यामागून असंख्य कीर्तनकार यांनी मराठी मनावर कोरलेली द्रौपदी ही धावा करणारी द्रौपदी आहे. एजर्टन यांच्या संहितेत हा धावा नाही. दुःशासन वस्त्र ओढतो, आणि एकामागून एक तशीच वस्त्रे प्रकट होतात. ती कोणी दिली, हे संहिता सांगत नाही. धाव्याचे श्लोक पोथ्यापोथ्यांत वेगळे आहेत, कोठे कमी, कोठे अधिक, कोठे अजिबात नाहीत. म्हणून एजर्टन यांनी ते तळाशी चांदणीखाली ठेवले. एवढे करून ते थांबले नाहीत. येथे कोणा एका देवाचा हस्तक्षेप नसून विश्वातील न्यायतत्त्वच स्वयमेव कार्य करते असे सूचित होते, असा अर्थही त्यांनी लावला. पहिला निर्णय पाठचिकित्सेचा आहे. दुसरा समीक्षेचा आहे. दोन्ही एकाच लेखणीतून उतरले असल्यामुळे दुसऱ्याला पहिल्याचे प्रामाण्य उसने मिळाले.

एजर्टन परदेशी होते म्हणून त्यांना भक्तीचा स्पर्श झाला नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो उथळ आहे. पुरावा वाचण्याची जी शिस्त त्यांनी पाळली ती पुण्यानेच घालून दिलेली होती, आणि त्याच शिस्तीने सुखटणकरांनी गणेशाला परिशिष्टात पाठविले होते. खरा प्रश्न आवृत्तीच्या आतून उभा राहतो. एजर्टन यांच्या संहितेतही केस धरून फरफटत नेताना दुःशासन द्रौपदीला उपहासाने म्हणतोच, की तू कृष्णाला हाक मार, अर्जुनाला हाक मार. म्हणजे हाकेची शक्यता संहितेत पेरलेली आहे. पुढे आरण्यकपर्वात, म्हणजे सुखटणकरांच्या संहितेत, कृष्ण वनात पांडवांना भेटतो आणि सांगतो, की आपण त्या वेळी शाल्वाशी युद्धात गुंतलो होतो. द्वारकेत असतो तर द्यूत होऊच दिले नसते. येथला कृष्ण सभेत नव्हता आणि त्याला काही कळलेही नव्हते. त्यानंतर उद्योगपर्वात, दे यांच्या संहितेत, हाच कृष्ण म्हणतो, की आपण दूर असताना द्रौपदीने ‘गोविंद’ म्हणून जो आक्रोश केला, त्याचे ऋण वाढत चालले आहे आणि ते हृदयातून जात नाही. हे श्लोक तळाशी नाहीत. वर, संहितेत आहेत.

एकाच आवृत्तीत, तीन संपादकांच्या हातून, तीन उत्तरे. द्रौपदीने हाक मारल्याचे सभापर्व सांगत नाही. कृष्ण दूर होता असे आरण्यकपर्व सांगते. ती हाक कृष्णाच्या उरात सलते आहे असे उद्योगपर्व सांगते. आल्फ हिल्टेबायटेल यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी एजर्टन यांच्या निर्णयाला प्रश्न केला तो अकारण नव्हे. परंतु यात कोणाची चूक काढण्यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे. प्रमुख संपादकांना ही विसंगती पुसून टाकता आली असती. उद्योगपर्वातील श्लोक संशयास्पद ठरवून तळाशी ढकलणे किंवा सभापर्वात एखादा धावा वर आणणे, हे दोन्ही मार्ग मोकळे होते. ते अवलंबिले गेले नाहीत. प्रत्येक पर्वाने आपल्या पोथ्यांचे ऐकले आणि पर्वांमधील तणाव तसाच राहू दिला. या तणावाचे साहित्यिक फळही मोठे आहे. उद्योगपर्वातील कृष्णाचे वाक्य सभापर्वातील मौनावर पडले म्हणजे न फेडलेल्या ऋणाचा अर्थ अधिक गडद होतो : हाक मारली गेली होती, पोहोचली नव्हती, आणि न पोहोचल्याचेच ऋण आहे. धावा जागच्या जागी ऐकला गेला असता तर ऋण उरलेच नसते. अर्थात हा अर्थ कोणा एका संपादकाने ‘दिलेला’ नाही. येल आणि ढाका यांच्यामधल्या फटीतून तो दिसतो.

मराठी समीक्षेने या फटीचे काय केले? इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) लिहिताना भांडारकर संस्थेच्या आवृत्तीचा आधार घेतला. महाभारताकडे माणसांची कथा म्हणून पाहण्याचे जे धैर्य त्या पुस्तकात आहे, त्याला या आवृत्तीने जमीन दिली यात शंका नाही. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) त्याआधीचे. या दोन पुस्तकांतील द्रौपदींची तुलना मराठीत वारंवार झाली, पण ती दोन लेखिकांच्या स्वभावांची तुलना म्हणून. संहितेचा प्रश्न तीत क्वचितच आला. ‘युगान्त’नंतरच्या लेखनात तर एक सोयीचा संकेत रूढ झाला : जे आवृत्तीच्या वरच्या भागात आहे ते ‘मूळ’, जे तळाशी आहे ते ‘प्रक्षिप्त’. सुखटणकरांनी ‘मूळ’ हा शब्द जपून टाळला होता आणि संशयासाठी नागमोडी रेषा योजली होती. ती रेषा मराठीत उतरलीच नाही. अर्धशतकाच्या सहकार्यात जे मतभेद, शंका आणि तडजोडी नोंदविल्या गेल्या होत्या, त्या गाळून एक स्वच्छ निकाल तेवढा घेतला गेला. कर्वे यांना त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांचा उद्देश पाठचिकित्सेचा नव्हता. त्यांचे बोट धरून चालणाऱ्या पदव्युत्तर प्रबंधांना मात्र ही सूट देता येत नाही.

याचे मराठीपुरते नुकसान ठोस आहे. मुक्तेश्वरांनी ज्या पोथीवरून सभापर्व रचले ती भांडारकर आवृत्तीची वरची संहिता असणे शक्य नाही. तशी पोथी प्रत्यक्षात कोणाच्याच हाती कधी नव्हती. त्यांच्यासमोर होते ते कोणत्यातरी शाखेचे, कोणत्यातरी प्रदेशात वाढलेले महाभारत, त्यातल्या धाव्यासह. ते कोणते, याचा माग एजर्टन यांनी तळाशी नेऊन ठेवलेल्या श्लोकांतच लागू शकतो, कारण कोणता उतारा कोणत्या लिपीच्या कोणत्या प्रतीत आहे याची नोंद तेथे ओळीओळीने आहे. तंजावरच्या आणि शांतिनिकेतनच्या शास्त्र्यांनी उतरविलेले ते तक्ते मुक्तेश्वरांच्या ओव्यांशेजारी ठेवून पाहिले, तर मराठी द्रौपदीची हाक दक्षिणेकडून आली की उत्तरेकडून, की देवनागरी पोथ्यांच्या मिश्र परंपरेतून, याचा काही अंदाज येईल. त्यासाठी चांदणीचे चिन्ह म्हणजे केराची टोपली, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल, आणि सभापर्वाचा खंड तळाकडून वर वाचायला घ्यावा लागेल.